साहेब गेला, कचेरी राहिली: वसाहतवाद आणि राष्ट्रउभारणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आणि घरातल्या वादात मुद्दा हवा असणारे वाचक या विषयावर सतत लिहीत असतात. बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा धागा एकच आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परके राजे पूर्वीही येऊन राज्य करत होते. मग वसाहतवाद वेगळा कसा?

बाहेरून आलेला राजा बहुतेक वेळा जिंकलेल्या मुलखातच राहिला, तिथेच मेला आणि त्याची नातवंडं तिथली भाषा बोलू लागली. त्याचा सारा कितीही जुलमी असला, तरी पैसा बराचसा त्याच मुलखात फिरत राही. वसाहतीतला अधिकारी नोकरीवर यायचा आणि मुदत संपली की परत जायचा. त्याला जाब विचारणारे लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स किंवा हेगमध्ये बसलेले असत. त्याच्याकडून अपेक्षा तीन: वसुली वेळेवर व्हावी, माल बंदरापर्यंत पोचावा, दंगा होऊ नये. ज्यांच्यावर तो राज्य करत होता त्यांना उत्तर देणं त्याच्या कामातच नव्हतं.

मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या देशांच्या हाती आलेली यंत्रणा लोकांना उत्तर देण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पुढची बरीच उत्तरं फिरून इथेच येतात.

२. राष्ट्रउभारणी म्हणजे धरणं, कारखाने, रस्ते ना?

तो विकास. राष्ट्रउभारणी म्हणजे एका सीमेच्या आत राहणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना हे राज्य आपलं वाटू लागणं, आणि राज्याने तसं वागणं. धरण त्याला हातभार लावू शकतं. धरणासाठी गाव कसं उठवलं यावरून ते उलटंही जाऊ शकतं (प्रश्न ६ पाहा).

३. आफ्रिकेच्या सीमा बर्लिनमध्ये टेबलावर पट्टी ठेवून आखल्या, हे खरं का?

अर्धं खरं. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनला परिषद झाली. १४ देशांचे प्रतिनिधी होते, आफ्रिकेचा एकही नव्हता. तिथे ठरले ते मुख्यतः नियम: कोणी कुठे हक्क सांगायचा, काँगो आणि नायजर नद्यांवर व्यापार कसा चालायचा. प्रत्यक्ष रेषा पुढच्या वर्षांत दोन-दोन देशांच्या तहांतून पडत गेल्या. काही रेषा नद्यांच्या आधाराने गेल्या, काही अक्षांश-रेखांशांवरून सरळ.

गांबियाचा नकाशा एकदा पाहावाच. नदीच्या दोन्ही काठांनी जाणारी अरुंद पट्टी, रुंदीला जास्तीत जास्त ५० किलोमीटरच्या आसपास. समुद्राची बाजू सोडली तर तिन्हीकडून सेनेगल. नदी ब्रिटिशांकडे आणि भोवतालचा मुलूख फ्रेंचांकडे, म्हणून एकाच भाषा बोलणाऱ्या, एकमेकांत लग्नं करणाऱ्या लोकांपैकी काहींची कचेरी इंग्रजीत गेली आणि काहींची फ्रेंचमध्ये. १९८२ मध्ये दोन्ही देशांनी सेनेगांबिया नावाचा संघ केला. तो १९८९ मध्ये मोडला.

आशियातही हेच घडलं. सिरिल रॅडक्लिफ फाळणीची सीमा आखायला ८ जुलै १९४७ रोजी भारतात उतरले. त्याआधी ते या देशात कधी आले नव्हते. त्यांची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या असंख्य लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं.

४. सीमा इतक्या चुकीच्या होत्या, तर स्वातंत्र्यानंतर बदलल्या का नाहीत?

कारण एक दगड काढला तर सगळी भिंत येईल ही भीती होती, आणि ती निराधार नव्हती. जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा सर्वांनी मान्य कराव्यात. सोमालिया आणि मोरोक्को यांनी विरोध केला. सोमालियाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं पाच ठिकाणच्या सोमाली वस्तीची आहेत, आणि त्यांतली तीन ठिकाणं त्या देशाच्या हद्दीबाहेर होती.

या तत्त्वाचा परिणाम कुठवर जातो ते बुर्किना फासो आणि माली यांच्या खटल्यात दिसतं. डिसेंबर १९८५ मध्ये एका कोरड्या, विरळ वस्तीच्या पट्ट्यावरून दोघांत काही दिवस लढाई झाली. प्रकरण १९८३ पासूनच आंतरराष्ट्रीय न्यायालयात होतं, १९८६ मध्ये निकाल लागला. बुर्किना फासो म्हणजे पूर्वीचा अप्पर व्होल्टा. ही वसाहत फ्रेंचांनी १९३२ मध्ये मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकली होती आणि १९४७ मध्ये पुन्हा जोडली होती. त्यामुळे न्यायाधीशांना जुने फ्रेंच हुकूम आणि नकाशे काढून बसावं लागलं: अमुक गाव १९३२ मध्ये कोणत्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हद्दीत होतं? दोन स्वतंत्र देशांचा वाद तिसऱ्या देशाच्या दप्तरातून मिटला.

तरीही हा ठराव चूक होता असं मी म्हणणार नाही. आफ्रिकेत देशादेशांमध्ये सीमांवरून मोठी युद्धं तुलनेने कमी झाली, याचं बरंच श्रेय त्याला जातं. किंमत मात्र सीमेच्या आतल्यांनी मोजली. नायजेरियातून फुटून निघू पाहणाऱ्या बियाफ्राचं युद्ध (१९६७ ते १९७०) हे त्याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण.

५. जाती-जमातींची भांडणं आधीपासूनच होती. त्याचा दोष वसाहतवाद्यांवर कशाला?

भेद होते, उच्चनीचताही होती. ती नाकारून वसाहतपूर्व काळाचं गोड चित्र रंगवणं खोटं आहे आणि त्या व्यवस्थेत चिरडलेल्यांवर अन्याय करणारं आहे. वसाहतीच्या कचेरीने केलं ते असं की सैल, बदलत्या ओळखी कागदावर गोठवल्या आणि त्या कागदावर नोकरी, जमीन, शाळा आणि शिक्षा टांगली.

रवांडाचं उदाहरण सविस्तर पाहू. हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन मोठ्या गटांची भाषा एकच, किन्यारवांडा. वस्ती मिसळलेली, कुळंही बरीचशी सामायिक. गुरंढोरं आणि दरबाराशी जवळीक यांवर प्रतिष्ठा ठरे. सीमा पक्की नव्हती, माणूस पिढीदोनपिढ्यांत इकडचा तिकडे होऊ शके. बेल्जियन प्रशासनाने १९३० च्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र दिलं आणि त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असं छापलं. बापाची नोंद तीच मुलाची. पदं आणि शिक्षण आधी तुत्सींना देण्यात आलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वातंत्र्याची मागणी वाढली तेव्हा प्रशासनाने वजन हुतूंच्या पारड्यात टाकलं. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारने ते ओळखपत्र रद्द केलं नाही, आणि हा निर्णय पूर्णपणे रवांडाच्या राज्यकर्त्यांचा होता. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाकी लागली आणि त्या नाक्यांवर तेच कार्ड मागितलं जात होतं. सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली. कार्डावरची ती ओळ त्या संहारानंतर काढून टाकण्यात आली.

भारतातल्या जनगणनेची गोष्ट इतकी रक्तरंजित नाही, पण प्रकार तोच. १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड मांडायचं ठरवलं. आपल्या जातीला वरची जागा मिळावी म्हणून अर्जांचा पाऊस पडला. १९११ मध्ये एकट्या बंगालात आलेल्या अशा अर्जांचं वजन दीड मण भरल्याची नोंद आहे. जात इंग्रजांनी निर्माण केली नाही. पण जातीचा क्रम सरकारदरबारी लावून घेण्याची सवय त्या दीड मण कागदांतून लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्या जमातींमागचा पोलिसांचा संशय आजही सुटलेला नाही.

६. स्वतंत्र झाल्यावर जुने कायदे फेकून का दिले नाहीत?

एका रात्रीत सगळे कायदे रद्द केले तर दुसऱ्या दिवशी न्यायालयात काम कशावर चालवायचं, ही खरी अडचण होती. भारताच्या राज्यघटनेतलं कलम ३७२ त्यासाठीच आहे: बदल होईपर्यंत चालू कायदे चालू राहतील. बहुतेक नवस्वतंत्र देशांनी अशीच तरतूद केली. पण 'बदल होईपर्यंत' हा काळ फार लांबला.

राजद्रोहाचं कलम १२४अ हे १८७० मध्ये दंड संहितेत आलं. त्याच कलमाखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये, गांधीजींना १९२२ मध्ये शिक्षा झाली. संविधान सभेने भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांतून 'राजद्रोह' हा शब्द जाणीवपूर्वक वगळला, पण दंड संहितेतलं कलम तसंच राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा शब्द नाही, मात्र कलम १५२ देशाच्या सार्वभौमत्वाला, एकतेला धोका आणणाऱ्या कृत्यांना शिक्षा सांगतं, आणि हा जुनाच कायदा नव्या नावाने आला का, यावर वाद चालू आहे. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा तर २०१३ मध्ये बदलला. धरणं, खाणी, कारखाने यांसाठी स्वतंत्र भारतात उठवलेली हजारो गावं परक्या सरकारने लिहिलेल्या कायद्याखाली उठली.

मलेशियातही हेच दिसतं. १९४८ च्या आणीबाणीत ब्रिटिशांनी विनाखटला स्थानबद्धता आणली. स्वतंत्र सरकारने १९६० मध्ये अंतर्गत सुरक्षा कायदा करून ती कायम केली. तो कायदा २०१२ मध्ये रद्द झाला.

सत्तेवर बसलेल्याला असा कायदा सोडवत नाही, यात परका आणि स्वकीय असा फरक फारसा पडत नाही.

७. रेल्वे, शाळा, न्यायालयं त्यांनीच दिली ना?

बांधली, हे खरं. पैसा कोणाचा आणि रस्ता कोणाच्या सोयीचा, हेही विचारावं. भारतात रेल्वे बांधणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक भारतीय महसुलातून भरला जाई. आफ्रिकेत बहुतेक मार्ग खाण किंवा मळ्यापासून थेट बंदरापर्यंत गेले, शेजारच्या प्रदेशाला जोडायचं कारणच नव्हतं.

त्याचा त्रास अजून संपलेला नाही. टांझानियात जर्मन काळात सुरू झालेला मध्य रेल्वेमार्ग एक मीटर रुंदीचा. झांबियाची रेल्वे १,०६७ मिलिमीटरची. १९७० ते १९७५ या काळात चीनच्या मदतीने टांझानिया ते झांबिया हा १,८६० किलोमीटरचा मार्ग झाला तो झांबियाच्या मापाचा. फरक सहासात सेंटिमीटरचा, बोटभर. पण त्या बोटभर अंतरामुळे एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नाही, माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

शाळांबद्दल एकच आकडा: भारतात १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती.

८. परक्यांची भाषा अजून का वापरतात? स्वतःची राष्ट्रभाषा करणं इतकं अवघड आहे का?

अवघड आहे, कारण 'स्वतःची' म्हणजे कोणाची, इथेच गाडं अडतं. परक्यांची भाषा सगळ्यांना सारखीच परकी असते, म्हणून ती भांडण टाळते. पण ती शिकलेल्या थोड्यांच्या हाती सत्ता ठेवते, हा तिचा मोठा दोष.

इंडोनेशियाने काढलेला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथे सर्वांत मोठा गट जावानीज बोलणाऱ्यांचा. तरी २८ ऑक्टोबर १९२८ च्या युवक परिषदेत शपथ घेतली ती बाजारपेठा आणि बंदरांत चालणाऱ्या मलय भाषेची, तिलाच इंडोनेशियन म्हटलं. मोठ्या गटाने आपली भाषा लादली नाही. टांझानियात पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी स्वाहिलीला असंच बळ दिलं आणि शेक्सपिअरची नाटकं स्वतः स्वाहिलीत आणली. मात्र तिथेही माध्यमिक शिक्षण बरंचसं इंग्रजीतच राहिलं.

उलट टोकाला पाकिस्तान. लोकसंख्येत बंगाली बोलणारे निम्म्याहून अधिक असताना उर्दू हीच राष्ट्रभाषा, असं १९४८ मध्ये ढाक्यात जाहीर झालं. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. १९७१ मध्ये बांगलादेश झाला. श्रीलंकेचा १९५६ चा 'फक्त सिंहली' कायदाही त्याच वाटेने यादवीकडे गेला. या दोन्ही निर्णयांचं खापर साम्राज्यावर फोडता येत नाही.

९. काही देशांत लष्कर वारंवार सत्ता का घेतं?

वसाहतीचं सैन्य मुख्यतः आतल्या लोकांना धाकात ठेवण्यासाठी होतं. भरतीही ठरावीक गटांतून, म्हणजे एका गटाच्या हातून दुसऱ्याला दाबता येई. अधिकारी गोरे.

काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. विद्यापीठाची पदवी घेतलेले काँगोली बोटांवर मोजण्याइतके होते. काही दिवसांतच बेल्जियन सेनापती यान्सेन्स यांनी सैनिकांसमोर फळ्यावर लिहिलं: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. बंड झालं. ११ जुलैला खाणींनी समृद्ध कटांगा प्रांत फुटून निघाला, आणि १७ जानेवारी १९६१ रोजी देशाचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. देश पहिला महिनाही धड जगला नाही.

भारत आणि पाकिस्तान यांना तर एकाच सैन्याचे दोन वाटे मिळाले. भारताने नागरी सत्तेचा वरचष्मा स्पष्ट करणारी पावलं लवकर टाकली. सरसेनापतीचं दिल्लीतलं निवासस्थान पंतप्रधानांचं घर झालं, तेच तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच गेलं आणि तिन्ही दलांचे प्रमुख समान पातळीवर आले. पाकिस्तानात पहिली राज्यघटना व्हायलाच १९५६ उजाडलं आणि १९५८ मध्ये लष्करी राजवट आली.

१०. राजकीय स्वातंत्र्य मिळालं, मग पैशाच्या बाबतीत अडचण काय होती?

हैतीची कहाणी वाचताना संताप आवरत नाही. गुलामांनी लढून १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, पूर्वीच्या मालकांची भरपाई म्हणून. मालमत्तेत माणसंही धरलेली होती. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं. त्या साखळीतली शेवटची कर्जं फिटायला १९४७ साल लागलं.

इंडोनेशियाला १९४९ च्या गोलमेज परिषदेत डच वसाहतीचं ४.३ अब्ज गिल्डरचं कर्ज डोक्यावर घ्यावं लागलं. त्यात इंडोनेशियाचाच स्वातंत्र्यलढा मोडायला केलेला खर्चही होता.

चलनाचा धागा आणखी लांब आहे. फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये सुरू केलेला सीएफए फ्रँक आजही आफ्रिकेतल्या १४ देशांत चालतो. स्थिर चलन हा त्याचा फायदा खरा. पण जानेवारी १९९४ मध्ये एका निर्णयात त्याची किंमत निम्मी झाली, तेव्हा आयात धान्य आणि औषधं घेणाऱ्या घरांना तो स्थिरपणा उपयोगी पडला नाही.

११. मग बोट्सवाना कसा सावरला?

हा देश १९६६ पर्यंत ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता, आणि त्याची राजधानी त्याच्या हद्दीतच नव्हती. कारभार दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावातून चाले. ब्रिटिशांना तिथे काढण्यासारखं फारसं दिसलं नाही, म्हणून त्यांनी फारसं मोडलंही नाही. 'कगोत्ला' ही गावसभा, जिथे प्रमुखाला लोकांसमोर बसून टीका ऐकावी लागते, टिकून राहिली.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या प्रदेशात. खनिजांचा हक्क जमातीकडे न ठेवता राष्ट्राकडे घेण्याचा कायदा खामांच्या सरकारने केला. माझ्या मते हा राष्ट्रउभारणीतला सर्वांत उमदा निर्णय आहे.

तरी चित्र निष्कलंक नाही. कालाहारीतल्या सान लोकांना त्यांच्या भूमीवरून हटवण्यात आलं आणि परतण्यासाठी त्यांना न्यायालयात जावं लागलं. २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१२. थायलंड, इथिओपिया यांच्यावर वसाहत नव्हती. त्यांचं काही वेगळं झालं का?

कमी वेगळं झालं. सयामवर (थायलंडचं जुनं नाव) १८५५ च्या तहाने आयातकर ३ टक्क्यांवर बांधला गेला, आणि १९०९ मध्ये केदाहसह मलय प्रदेश ब्रिटनला द्यावे लागले. पत्तानी हा मलय प्रदेश सयामकडे राहिला, तिथला असंतोष आजही धुमसतो. इथिओपियाने १८९६ मध्ये अडवाला इटलीचा पराभव केला, पण स्वतःही शेजारचे प्रदेश जिंकून साम्राज्य वाढवलं. त्याची फळं एरिट्रियाच्या प्रश्नात दिसतात.

१३. सीमा बदलायच्या नाहीत म्हणता, मग एरिट्रिया आणि दक्षिण सुदान कसे झाले?

एरिट्रिया १८९० पासून इटलीची वेगळी वसाहत होती. १९५२ मध्ये तिला इथिओपियाशी संघराज्यात जोडलं आणि १९६२ मध्ये गिळून टाकलं. १९९३ मध्ये ती स्वतंत्र झाली ती जुन्याच वासाहतिक सीमेवर, म्हणजे प्रश्न ४ मधलं तत्त्व मोडलं नाही. सोमालियातून फुटून स्वतःला स्वतंत्र म्हणवणारा सोमालीलँडही हाच युक्तिवाद करतो: ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० ला स्वतंत्र झाला होता, इटालियन सोमालियाशी तो १ जुलैला आपखुशीने जोडला गेला.

दक्षिण सुदान (२०११) हा खरा अपवाद. ब्रिटिशांनी सुदानचा दक्षिण भाग बराच काळ वेगळा चालवला आणि जाताना उत्तरेला जोडून दिला. पण वेगळं होणं शक्य झालं ते २००५ च्या करारात खार्टूमच्या सरकारने सार्वमत मान्य केल्यामुळे.

१४. इतकी वर्षं झाली. अजून किती दिवस गोऱ्यांच्या नावाने खडे फोडायचे?

कारण शोधणं आणि जबाबदारी झटकणं या दोन गोष्टी आहेत. झिंबाब्वेत गोऱ्या राजवटीने १९६५ मध्ये आणीबाणी लावली. १९८० मध्ये स्वातंत्र्य आलं, मुगाबे आले, आणि ती आणीबाणी १९९० पर्यंत उठली नाही. तिच्या छायेत सरकारच्याच पाचव्या ब्रिगेडने माताबेलेलँडमध्ये हजारो माणसं मारली. हत्यार वारशाने आलं होतं. ते वापरणारा हात स्वतंत्र देशाचा होता. दोन्ही वाक्यं एकाच दमात बोलता आली पाहिजेत.

१५. भरपाई किंवा माफी कोणी दिली आहे का?

थोडी. केनियातल्या ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ उठावात छळ झालेल्या ५,२२८ जणांना ब्रिटनने २०१३ मध्ये १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड दिली. वर्षानुवर्षं दडवलेल्या वासाहतिक फायली त्या खटल्यामुळेच बाहेर आल्या. जर्मनीने २०२१ मध्ये हेरेरो आणि नामा लोकांचा (१९०४ ते १९०८) संहार हा वंशसंहार असल्याचं मान्य करून नामिबियासाठी ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, पण 'भरपाई' हा शब्द टाळला. वाटाघाटींत आपल्याला विचारलंच नाही, अशी वंशजांतल्या अनेकांची तक्रार आहे. लुमुंबांचा (प्रश्न ९ पाहा) मृतदेह आम्लात विरघळवला होता. उरलेला एक दात बेल्जियमने जून २०२२ मध्ये कुटुंबाच्या हाती दिला.

१६. आता तरी सगळ्या वसाहती संपल्या का?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अजून १७ प्रदेश 'स्वशासन नसलेले' म्हणून नोंदलेले आहेत. त्यातला सर्वांत मोठा पश्चिम सहारा. १९७६ मध्ये स्पेन तिथून निघून गेला आणि बहुतांश भाग मोरोक्कोने घेतला, ज्याने १९६४ मध्ये कैरोच्या ठरावाला विरोध केला होता (प्रश्न ४ पाहा). १९९१ मध्ये युद्धबंदी झाली ती सार्वमत होईल या आश्वासनावर. ते सार्वमत अजून झालेलं नाही.